शेजारच्या बेंचवरच्या मुलीला मागे टाकलं की एमबीबीएसची सीट मिळते का? नीटच्या स्पर्धेचं गणित नेमकं काय आहे?

बारावीनंतर मी एक वर्ष रिपीटर बॅचमध्ये काढलं. क्लासच्या अभ्यासिकेत टेस्ट सिरीजचा एकच सामायिक गठ्ठा असायचा. एका रविवारी फिजिक्सच्या पेपरमधली उत्तरांची पानं गायब झाली. कोणी फाडली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या संध्याकाळी मेसमध्ये प्रत्येकजण दुसऱ्याच्या ताटाकडे नाही, तोंडाकडे बघत होता.

पुढे मी डॉक्टर झाले नाही, पत्रकार झाले. तरी ती पानं डोक्यातून गेली नाहीत. कारण प्रश्न साधा आहे. ज्याने पानं फाडली, त्याला त्यातून मिळालं काय?

आकड्यांत बघूया.

२०२५ मध्ये देशभरात २२ लाखांहून जास्त विद्यार्थ्यांनी नीट दिली. त्यातले १२ लाख ३६ हजारांच्या आसपास 'पात्र' ठरले. इथेच बऱ्याच पालकांचा गोंधळ होतो. पात्र ठरणं म्हणजे सीट मिळणं नव्हे. खुल्या गटासाठी पात्रतेची अट ५० पर्सेंटाइल आहे, म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी निम्मे जण तिथेच पास होतात. एमबीबीएसच्या जागा मात्र देशभरात सव्वा लाखाच्या आसपासच होत्या. त्यातल्या साधारण निम्म्या सरकारी. खासगी आणि अभिमत विद्यापीठांतल्या फीचा आकडा ऐकला की अनेक घरांत पुढचं बोलणंच थांबतं. काही अभिमत विद्यापीठांत एका वर्षाची फी २० लाखांच्या पुढे जाते. त्यामुळे खरी झुंज सरकारी जागेसाठी असते, आणि ती घराच्या ऐपतीशी बांधलेली असते. 'मुलं उगाच टेन्शन घेतात' असं म्हणणाऱ्यांनी हा भाग जरा लक्षात ठेवावा.

एक प्रश्न की एक मैत्रीण?

२०२५ चा पेपर अवघड होता. सर्वाधिक गुण ७२० पैकी ६८६ होते आणि खुल्या गटाचा कटऑफ १४४. म्हणजे १४४ ते ६८६ या पट्ट्यात साधारण ११ लाख विद्यार्थी. सरळ भागाकार केला तर एकेका गुणावर सरासरी दोन हजार जण उभे आहेत. ही फक्त सरासरी आहे. वरच्या टोकाला गर्दी विरळ असते (६५० च्या वर फक्त ७३ जण होते) आणि खाली दाट.

आता बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकलं की १ गुण कापला जातो. एक प्रश्न चुकायच्या ऐवजी बरोबर आला तर फरक पडतो ५ गुणांचा. सरासरीच्या हिशेबाने हजारो विद्यार्थी मागे पडतात. आणि शेजारच्या मैत्रिणीच्या नोट्स लपवल्या, तिचा अभ्यास खरोखरच बिघडवला, आणि ती तुमच्या पुढे असणार होती असंही धरलं, तर तुमची रँक सुधारते बरोबर एकाने.

एकाने! त्यासाठी उत्तरांची पानं फाडायची.

अमेरिकेतल्या काही कॉलेजांत, विशेषतः मेडिकलला जाऊ पाहणाऱ्यांच्या विषयांमध्ये, 'कर्व्ह'वर ग्रेड दिली जाते. म्हणजे वर्गातल्या ठरावीक टक्के मुलांनाच वरची ग्रेड मिळते. तिथे शेजाऱ्याचं नुकसान हा निदान गणिताने तरी तुमचा फायदा असतो. नीटमध्ये तसं काही नाही. तुमचा प्रतिस्पर्धी एखाद्या वर्गात नसून देशभर पसरलेला आहे. राज्याच्या कॉलेजांतल्या ८५ टक्के जागांसाठी तो राज्यभर पसरलेला आहे, एवढाच फरक.

मग मुलं एकमेकांचे पाय का ओढतात?

कारण क्लासने वर्गातच एक छोटा कर्व्ह तयार केलेला असतो. दर रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर यादी, महिन्याने बॅच बदल. वरच्या बॅचला अनुभवी शिक्षक, खालच्या बॅचला नवे. वरच्या बॅचच्या जागा मोजक्या, त्यामुळे शेजारची मुलगी खरोखरच स्पर्धक होते. नीटसाठी नाही, त्या बॅचसाठी. सतरा-अठराव्या वर्षी रोज डोळ्यांसमोर दिसणारी यादी खरी वाटते. देशाची रँक वर्षातून एकदाच येते.

लातूर पॅटर्नचं उदाहरण इथे घ्यायला हवं, कारण सतत सराव परीक्षा हा त्याचा कणा. राजर्षी शाहू, दयानंद यांसारख्या कॉलेजांनी हा पॅटर्न नावारूपाला आणला आणि खेड्यापाड्यांतली मुलं मेडिकलला जाऊ लागली. त्यातली परीक्षांची कल्पना चुकीची नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे टेस्ट दिल्याने लक्षात राहतं. पण या फायद्यासाठी निकाल भिंतीवर लावायची गरज नसते. टेस्ट आणि यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण त्या एकाच पाकिटात विकत घेतो.

हेच मैत्रिणीला न्यूटनचे नियम समजावण्याबाबत. समजावताना आपलंच कुठे अडतं ते कळतं. आमच्या बॅचमध्ये ज्या दोघी रात्री गच्चीवर एकमेकींना बायोलॉजी विचारायच्या, त्यांना बाकीच्या हसायच्या. त्यांचं सिलेक्शन झालं. दोन मुलींवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मान्य.

पण प्रामाणिक राहून तोटाच होत असेल तर?

हा प्रश्न टाळता येणार नाही. २०२४ मध्ये ६७ जणांना ७२० पैकी ७२० मिळाले. ७१८ आणि ७१९ असे गुण दिसले, जे नेहमीच्या गुणपद्धतीत शक्यच नाहीत. एक प्रश्न सोडला तर ७१६, चुकवला तर ७१५. खुलासा आला की वेळ वाया गेल्याबद्दल १,५६३ जणांना वाढीव गुण दिले होते. ते रद्द झाले, त्यांना फेरपरीक्षेचा पर्याय मिळाला. एका फिजिक्सच्या प्रश्नाच्या उत्तरावरचा वाद कोर्टात सुटल्यावर पैकीच्या पैकी मिळवणारे उरले १७.

पेपर फुटला होता, हेही खरं निघालं. हजारीबाग आणि पाटणा इथल्या १५५ विद्यार्थ्यांना त्याचा फायदा झाल्याचं तपासातून पुढे आलं. लातूरमध्येही शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला. गैरप्रकार देशभर पसरल्याचा पुरावा नाही, असं सांगत सुप्रीम कोर्टाने २३ जुलै २०२४ ला परीक्षा रद्द करायला नकार दिला.

२३ लाखांत १५५ म्हणजे काहीच नाही, असं वाटू शकतं. पण एका सरकारी कॉलेजची अख्खी बॅच कधी कधी एवढीच असते. आणि यात नोट्स लपवणाऱ्यासारखं एका रँकचं गणित नाही. इथे पैसे देणारा लाखो जणांना एका उडीत ओलांडतो. त्याच्याशी अभ्यास करून स्पर्धा करता येत नाही, त्याला यंत्रणेनेच थांबवावं लागतं. २१ जून २०२४ पासून लागू झालेल्या केंद्राच्या कायद्यात पेपरफुटीला ३ ते ५ वर्षं, संघटित टोळी असेल तर ५ ते १० वर्षं तुरुंगवास आहे. परीक्षार्थीवर मात्र या कायद्याखाली कारवाई होत नाही, त्याला परीक्षा संस्थेचे नियम लागतात.

क्लास लावताना काय विचाराल?

२५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात मार्गदर्शक सूचना दिल्या. गुणांवरून बॅच पाडणं, सर्वांसमोर अपमान करणं, कुवतीपलीकडचं टार्गेट देणं हे क्लासेसनी शक्यतो टाळावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणून प्रवेश घेताना फीच्या आधी हे विचारा: टेस्टचा निकाल फक्त मुलाला देता की भिंतीवर लावता? बॅच कशावरून ठरते? खालच्या बॅचला कोण शिकवतं? समुपदेशक आहे का, आणि तो आठवड्यातून किती वेळ भेटतो?

घरात कोणी या काळातून जात असेल आणि बोलणं बंद झालं असेल, तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.