प्रिंटर अडतो कुठे?

घरचा प्रिंटर छापत नाही, या एका तक्रारीमागे एकमेकांशी फारसा संबंध नसलेले अनेक बिघाड असू शकतात. संगणकाने दिलेली आज्ञा, ती पोहोचवणारी केबल किंवा वायफाय, कागद ओढणारे रोलर आणि शाई सोडणारे हेड यांपैकी काहीही बिघडले तरी वापरणाऱ्याच्या हाती येतो तो कोरा कागद, किंवा तोही नाही. त्यामुळे दोष यंत्रात आहे की यंत्रापर्यंतच्या वाटेत, हे आधी ठरवले पाहिजे. पण बहुतेक घरांत नेमके तेवढेच राहून जाते आणि पहिला संशय शाईवर घेतला जातो.

याची कसोटी सोपी आहे. घरगुती वापराच्या बऱ्याच प्रिंटरांना वर स्कॅनरची काच असते व तिच्यावर कागद ठेवून संगणकाच्या मदतीशिवाय झेरॉक्स काढता येते. ती स्वच्छ निघाली, तर शाई, हेड आणि रोलर ठीक असून दोष संगणकात, फोनमध्ये किंवा जोडणीत आहे, असे समजण्यास हरकत नाही.

जोडणीच्या बाजूचा नेहमीचा दोष म्हणजे तुंबलेली रांग. विंडोज प्रणालीत ‘प्रिंट स्पूलर’ नावाची सेवा असते. ती छापायचा मजकूर आधी डिस्कवर फाइलच्या रूपात साठवते आणि मग क्रमाने यंत्राकडे सोडते. पहिली फाइल अडकली की मागच्या सगळ्या खोळंबतात, आणि काहीच होत नाही असे पाहून वापरणारा पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिला, तर वाट मोकळी होताच एकाच सातबाऱ्याच्या पाच प्रती बाहेर पडतात. अशा वेळी रांगेतील कामे रद्द करावीत. ती रद्दही होत नसतील, तर संगणकाच्या ‘सर्व्हिसेस’ यादीत जाऊन प्रिंट स्पूलर थांबवावा, ‘सिस्टिम ३२’मधील ‘स्पूल’ या फोल्डरात असलेले ‘प्रिंटर्स’ हे फोल्डर रिकामे करावे आणि सेवा पुन्हा सुरू करावी. फाइली डिस्कवरच असल्याने संगणक नुसता बंद-चालू करून हा अडथळा पुष्कळदा जात नाही.

वायफायवरील प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो, त्याचे कारण निराळे असते. राउटर आपल्या जाळ्यातील प्रत्येक उपकरणाला आकडी पत्ता देतो आणि वीज जाऊन आल्यावर हा पत्ता बदलू शकतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवणे हा यावरचा टिकाऊ उपाय होय. शिवाय अनेक घरगुती प्रिंटर केवळ २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ओळखतात, त्यामुळे नवा राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालवला तर त्यांना वायफाय दिसतच नाही. यूएसबी केबल लावताच छपाई सुरू झाली, तर दोष वायफायचाच समजावा.

झेरॉक्सही निघत नसेल, तर मात्र यंत्राकडे वळावे लागते. इंकजेट प्रिंटरच्या हेडला केसाहून बारीक छिद्रे असतात; काही कंपन्यांच्या यंत्रांत शाई क्षणार्धात तापवून, तर काहींत विजेच्या दाबाने वाकणाऱ्या स्फटिकाच्या धक्क्याने तिचा सूक्ष्म थेंब कागदावर फेकला जातो. यातील शाई बहुधा पाण्यावर आधारलेली असल्याने हेड उघडे राहिले की ती छिद्रांच्या तोंडाशी वाळते. म्हणूनच प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला असता हेड कडेला जाऊन रबरी झाकणावर विसावते. छपाई आटोपते न आटोपते तोच भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद करण्याची सवय त्याच्या मुळावर येते, कारण मग हेड वाटेतच उघडे राहू शकते.

छिद्रे बुजली आहेत का, हे ‘नोझल चेक’च्या नमुन्यातील तुटक रेषांवरून कळते. त्यावर ‘हेड क्लीनिंग’चा उपाय असला तरी तो जपून वापरावा, कारण या क्रियेत पंपाने ओढलेली शाई यंत्राच्या पोटातील शोषक गादीत जाते, आणि ती गादी भरल्याची नोंद झाली की काही प्रिंटर काम करण्यासच नकार देतात. दोन-तीन वेळा सफाई करून फरक पडला नाही, तर यंत्र रात्रभर तसेच ठेवून सकाळी पुन्हा नमुना काढणे शहाणपणाचे ठरते.

कागद ओढला जात नसेल, तर कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातील दमट हवेचाही विचार करावा. उघड्या राहिलेल्या गठ्ठ्यातील कागद ओल धरून एकमेकांना चिकटतात, तर धूळ बसून गुळगुळीत झालेला रोलर त्यांच्यावरून नुसताच घसरतो. गठ्ठा मोकळा करून आणि रोलर ओलसर, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून हे काम भागते. अडकलेला कागद दोन्ही हातांनी, त्याच्या पुढे सरकण्याच्या दिशेने ओढावा, कारण फाटून आत राहिलेला नखाएवढा तुकडा सेन्सरला झाकत असेल, तर वाट मोकळी दिसत असूनही यंत्र ‘पेपर जॅम’ दाखवत राहते.

हेडच निकामी झाले, तर खर्चाचे गणित यंत्राच्या जातीवर ठरते. कित्येक कार्ट्रिजांना हेड जडवलेलेच असल्याने नव्या कार्ट्रिजबरोबर नवे हेडही मिळते. बाटलीतून शाई भरण्याच्या टाकीवाल्या प्रिंटरांत ते बहुधा वेगळे आणि महाग असते. महिन्याला जेमतेम दहा पाने छापणाऱ्या घरात, जिथे शाई संपण्याआधी वाळण्याचीच शक्यता अधिक, तिथे दर पानाला महाग पडणारे कार्ट्रिजच अखेरीस परवडू शकते.