नीलदर्पण प्रकरण

नीलदर्पण प्रकरण हा १८६१ साली कलकत्त्यात उद्भवलेला एक प्रशासकीय व न्यायालयीन वाद होय. दीनबंधू मित्र यांच्या *नीलदर्पण* या बंगाली नाटकाचे इंग्रजी भाषांतर बंगाल सरकारचे सचिव वॉल्टर स्कॉट सेटन-कार (१८२२–१९१०) यांनी सरकारी खर्चाने छापवून घेतले आणि वरिष्ठांची स्पष्ट मंजुरी न घेता सरकारी टपालातून वाटले. निळीच्या मळेवाल्यांनी त्यास तीव्र आक्षेप घेतला. भाषांतर प्रसिद्ध करणारे मिशनरी जेम्स लाँग यांना कारावास भोगावा लागला, तर सेटन-कार यांना जाहीर खुलासा करून आपली पदे सोडावी लागली. वसाहतकालीन अधिकाऱ्याची कार्यालयीन चूक आणि तिच्यातून उभा राहिलेला प्रतिष्ठेचा प्रश्न यांचे उदाहरण म्हणून, तसेच मुद्रणस्वातंत्र्याच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून हे प्रकरण महत्त्वाचे आहे.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात बंगालमधून युरोपात मोठ्या प्रमाणावर नीळ निर्यात होत असे. निळीची लागवड दोन पद्धतींनी चाले. 'निज' पद्धतीत मळेवाला स्वतःच्या ताब्यातील जमिनीवर मजुरांकरवी पीक घेई. 'रयती' पद्धतीत शेतकऱ्याला उचल देऊन त्याच्याच जमिनीच्या काही भागात नीळ पेरण्याचा करार करून घेतला जाई. या उचलीला बंगालीत 'दादन' म्हणत व ती बिघ्यामागे साधारणपणे दोन रुपये असे. निळीला मिळणारा भाव लागवडीच्या खर्चाच्या मानाने अपुरा असल्याने उचल फिटत नसे आणि बाकी वर्षानुवर्षे पुढे ओढली जाई. बापाच्या नावावरील देणे मुलाकडे येई. भाताला योग्य अशी उत्तम जमीन निळीखाली जात असल्याने शेतकऱ्याचे दुहेरी नुकसान होई. नकार देणाऱ्यांना मारहाण, निळीच्या कोठीत कोंडून ठेवणे, गुरे पळवून नेणे असे प्रकार घडत.

१८५९ मध्ये बारासातचे मॅजिस्ट्रेट ॲशली ईडन यांनी आपल्या जमिनीत काय पेरावे हे ठरवण्याचा अधिकार रयतेचाच आहे, अशी भूमिका घेतली. त्या आशयाचा परवाना जाहीर होताच त्याची वार्ता दूरवर पसरली. १८५९–६० मध्ये नदिया, जेसोर आदी जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी नीळ पेरण्यास नकार दिला. हा लढा 'नीळ विद्रोह' या नावाने ओळखला जातो. कलकत्त्याच्या *हिंदू पेट्रियट* या पत्राचे संपादक हरिश्चंद्र मुखर्जी यांनी रयतेची बाजू सातत्याने मांडली.

नीळ आयोग

१८६० साली सरकारने एक तात्पुरता कायदा करून निळीच्या लागवडीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. आयोगाचे अध्यक्षपद सेटन-कार यांच्याकडे होते. रिचर्ड टेंपल हे सरकारच्या बाजूने, रेव्हरंड सेल हे मिशनऱ्यांच्या वतीने, फर्ग्युसन हे मळेवाल्यांच्या वतीने आणि चंद्रमोहन चॅटर्जी हे जमीनदारांच्या ब्रिटिश इंडियन असोसिएशनच्या वतीने सदस्य होते. यांपैकी टेंपल पुढे १८७७ ते १८८० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

आयोगाने १३४ साक्षीदार तपासले. त्यांत ७७ जण रयतेपैकी होते. रयत नीळ स्वखुशीने पेरत नाही, हे पीक तिला परवडत नाही आणि लागवडीची पद्धत मुळातच सदोष आहे, असा अहवालाचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर जॉन पीटर ग्रँट जलमार्गाने प्रवास करीत असता कुमार व कालीगंगा या नद्यांच्या दोन्ही काठांवर मैलोनमैल शेतकरी न्याय मागण्यासाठी उभे होते. या दृश्याची नोंद ग्रँट यांनी स्वतः सरकारी टिपणात केली आहे.

सेटन-कार हे १८४२ पासून बंगालच्या मुलकी सेवेत होते. आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी रयतेच्या साक्षी प्रत्यक्ष ऐकल्या होत्या. त्यामुळे पुढे नाटकाचे वाटप झाले, तेव्हा त्यामागे पक्षपात असल्याचा आरोप करणे मळेवाल्यांना सोपे गेले.

नाटक आणि भाषांतर

*नीलदर्पण* १८६० मध्ये ढाक्याहून लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाले. लेखक दीनबंधू मित्र (१८३०–१८७३) हे टपाल खात्यात नोकरीस होते व कामानिमित्त ग्रामीण बंगालमध्ये त्यांचा प्रवास होत असे. मळेवाल्यांच्या जुलमामुळे एका सुखवस्तू कुटुंबाची आणि त्याच्या आश्रयाने राहणाऱ्या शेतकऱ्यांची झालेली वाताहत हा नाटकाचा विषय आहे.

चर्च मिशनरी सोसायटीचे जेम्स लाँग हे बंगाली ग्रंथांचे जाणकार होते. त्यांनी बंगाली मुद्रित साहित्याच्या सूची तयार केल्या होत्या. देशी भाषांतील वाङ्मयाकडे राज्यकर्त्यांनी दुर्लक्ष केल्यास लोकांच्या मनात काय चालले आहे ते त्यांना कधीच कळणार नाही, असे त्यांचे मत होते. १८५७ च्या उठावानंतर या मताला अधिकच धार आली होती. लाँग यांनी नाटकाकडे सेटन-कार यांचे लक्ष वेधले. सेटन-कार यांनी ती गोष्ट ग्रँट यांच्या कानावर घातली. नाटकाचे भाषांतर पाहण्याची इच्छा ग्रँट यांनी दर्शवली व त्याच्या थोड्या प्रती काढण्यास त्यांची हरकत नव्हती.

भाषांतर 'एका देशी गृहस्थाने' केले असल्याचे मुखपृष्ठावर नमूद होते. ते मायकेल मधुसूदन दत्त यांनी केल्याची परंपरागत समजूत आहे. मात्र तिच्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. लाँग यांनी प्रस्तावना लिहिली, मुद्रिते तपासली आणि मॅन्युएल नावाच्या मुद्रकाकडून पुस्तक छापून घेतले.

प्रशासकीय चूक

ग्रँट यांच्या मनात थोड्या प्रती होत्या. प्रत्यक्षात ५०० प्रती छापल्या गेल्या व त्यांचा खर्च सरकारने केला. त्यांपैकी २०२ प्रती सरकारी कामाच्या शिक्क्यासह टपालाने रवाना झाल्या. त्या इंग्लंडमधील संसद सदस्य, वृत्तपत्रे आणि हिंदुस्थानच्या कारभाराशी संबंध असलेल्या व्यक्ती व संस्था यांना पाठवण्यात आल्या होत्या.

येथे दोन वेगळ्या बाबी एकत्र आल्या. वरिष्ठाने एखादी गोष्ट ऐकून घेणे आणि तिला मंजुरी देणे यांत कार्यालयीन नियमांनुसार फरक असतो. सेटन-कार यांनी पहिल्या गोष्टीवरून दुसरी गृहीत धरली. शिवाय, सरकारी शिक्का उमटल्यामुळे लिफाफ्यातील मजकुराला सरकारची मान्यता आहे, असा अर्थ पाहणाऱ्याने काढणे स्वाभाविक होते. खाजगी रीतीने, टपालहशील भरून त्याच प्रती पाठवल्या असत्या, तर सरकारवर ठपका येण्यास फारसे कारण उरले नसते.

तक्रार आणि खटला

इंग्लंडमध्ये पोहोचलेल्या प्रतींची वार्ता १८६१ च्या मध्यास कलकत्त्यात आली. मळेवाले व व्यापारी यांच्या लँडहोल्डर्स अँड कमर्शियल असोसिएशनने बंगाल सरकारला पत्र लिहून हे पुस्तक सरकारच्या संमतीने वाटले गेले काय, अशी विचारणा केली. वाटप लेफ्टनंट गव्हर्नरांच्या मंजुरीविना झाले, असे सरकारने कळवले. या उत्तराने मळेवाल्यांचे समाधान झाले नाही.

त्यांनी फौजदारी मार्ग पत्करला. प्रथम मुद्रक मॅन्युएल यांच्यावर आरोप ठेवण्यात आला. लाँग यांच्या संमतीने मॅन्युएल यांनी त्यांचे नाव उघड केले. मॅन्युएल यांना १० रुपये दंड झाला. त्यानंतर लाँग यांच्यावर बदनामीचा खटला भरण्यात आला. त्यात दोन आरोप होते. नाटकाच्या मूळ प्रस्तावनेत दोन इंग्रजी दैनिकांच्या संपादकांनी पैशासाठी मळेवाल्यांची स्तुती केल्याचे सूचित केले होते. त्यामुळे *इंग्लिशमन* व *बेंगॉल हरकारू* यांची बदनामी झाली, हा पहिला. बंगालमधील मळेवाल्यांच्या संपूर्ण वर्गाची बदनामी झाली, हा दुसरा.

सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती मॉर्डंट वेल्स यांच्यासमोर जुलै १८६१ मध्ये सुनावणी झाली. लाँग दोषी ठरले आणि २४ जुलै रोजी त्यांना १,००० रुपये दंड व एक महिन्याचा कारावास अशी शिक्षा झाली. दंडाची रक्कम लेखक व दाते कालीप्रसन्न सिंह यांनी तत्काळ भरली. वेल्स यांच्या बंगाली समाजाविषयीच्या वक्तव्यांचा निषेध करण्यासाठी राधाकांत देव यांच्या निवासस्थानी मोठी सभा भरली व त्यांना परत बोलावण्याची मागणी झाली.

सेटन-कार यांचा बचाव

आरोपीच्या पिंजऱ्यात सेटन-कार उभे नव्हते. तथापि न्यायालयात आणि इंग्रजी वृत्तपत्रांत टीकेचा रोख त्यांच्यावरही होता. पदाचा गैरवापर करून एका वर्गाची बदनामी केल्याचा आरोप त्यांच्या सचोटीवरच घाला घालणारा होता. त्यांनी केलेल्या खुलाशात पुढील मुद्दे प्रमुख होते :

* सरकारी शिक्क्यानिशी प्रती वाटण्याची जबाबदारी सर्वस्वी आपली आहे. लेफ्टनंट गव्हर्नरांना त्याची पूर्वकल्पना नव्हती.
* या नाटकातून ग्रामीण लोकभावना व्यक्त होते. ती जबाबदार व्यक्तींना कळावी एवढाच हेतू होता.
* मळेवाल्यांची बदनामी करण्याचा उद्देश नव्हता आणि झाल्या प्रकाराबद्दल आपणास खेद आहे.

या बचावात एक अंगभूत अडचण होती. वरिष्ठांना दोषमुक्त करावयाचे, तर मंजुरीविना कृती केल्याची कबुली द्यावी लागे. आणि मंजुरी होती असे म्हणावे, तर ग्रँट यांच्यावर दोष येई. सेटन-कार यांनी पहिला मार्ग निवडला. त्यामुळे हेतूची शुद्धता सांगता आली, पण कृतीचे समर्थन करता आले नाही. नाटकातील वर्णन खरे आहे काय, हा प्रश्नही या खुलाशात मागे पडला.

गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॅनिंग यांच्या सरकारने हे वाटप अनधिकृत ठरवून सेटन-कार यांच्या कृतीबद्दल नापसंती नोंदवली. सेटन-कार यांना बंगाल सरकारचे सचिवपद आणि विधिपरिषदेतील जागा सोडावी लागली.

नंतरचा काळ

सेटन-कार यांची कारकीर्द मात्र येथे संपली नाही. १८६२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाची स्थापना झाल्यावर ते तेथे न्यायाधीश झाले. पुढे त्यांनी कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिवपद भूषविले. निवृत्तीनंतर त्यांनी लॉर्ड कॉर्नवॉलिस यांचे चरित्र लिहिले. १८९९ मध्ये त्यांनी आपले जुने वरिष्ठ ग्रँट यांच्या कार्याचा परिचय देणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. १८६१ च्या वादाने या दोघांचा स्नेह तुटला नसल्याचे यावरून दिसते. ग्रँट १८६६ ते १८७४ या काळात जमैकाचे गव्हर्नर होते.

खटल्यामुळे नाटकाची कीर्ती वाढली. ७ डिसेंबर १८७२ रोजी कलकत्त्याच्या नॅशनल थिएटरने आपल्या सार्वजनिक प्रयोगांचा आरंभ *नीलदर्पण*नेच केला. दक्षिण बंगालमधील निळीची लागवड झपाट्याने घटली व तिचे केंद्र बिहारकडे सरकले. तेथील चंपारण जिल्ह्यात १९१७ साली महात्मा गांधींनी सत्याग्रह केला.

मूल्यमापन

या प्रकरणात दोन प्रश्न गुंतलेले होते : सरकारी यंत्रणेचा वापर योग्य रीतीने झाला काय, आणि रयतेवर जुलूम होत होता काय. पहिल्या प्रश्नावर मळेवाल्यांची तक्रार निराधार म्हणता येत नाही. सार्वजनिक खर्चाने व शिक्क्याने एका पक्षाची बाजू मांडणारे पुस्तक मंजुरीविना वाटणे ही चूकच होती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आयोगाच्या अहवालाने आधीच दिले होते, परंतु खटल्यात त्याचा विचार झाला नाही.

शिक्षेचे वाटपही विषम झाले. वाटपाचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याने पदे गमावली व वर्षभरात न्यायाधीशपद मिळवले. पुस्तक छापवून घेणाऱ्या मिशनऱ्याने महिनाभर तुरुंगवास भोगला. ज्यांच्या दुःखाविषयी हे नाटक होते, त्या रयतेला या खटल्यात बाजू मांडण्याची संधीच नव्हती. नीळ आयोगासमोर ७७ जणांनी दिलेल्या साक्षी हाच तिचा सरकारदप्तरी नोंदलेला आवाज राहिला, आणि त्या साक्षी सेटन-कार यांच्याच अध्यक्षतेखाली घेतल्या गेल्या होत्या.