वाढीव पाटा, काढलेला थर्मोस्टॅट: जुन्या पिकअपविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, आणि त्या उभारणीच्या काळात कामगारांसाठी ज्या वस्त्या वसल्या, त्यांपैकी पॉवर हाऊस परिसरालगतची कॅम्प-1 ही एक होय. नागपूरहून भंडारा, देवरी, राजनांदगाव, दुर्ग असा प्रवास करीत रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग याच शहरातून जातो, त्यामुळे नाशिकची बोलेरो असो वा पुण्याच्या कारखान्यात बनलेली टाटा 207, महाराष्ट्रातील रस्त्यांवर दिसणाऱ्या पिकअप येथेही तितक्याच ओळखीच्या आहेत. पोलाद कापणे, वाकवणे आणि जोडणे हा जेथे अनेक घरांचा चरितार्थ राहिला, तेथे दहा-पंधरा वर्षे राबलेली पिकअप घरच्या घरी सुधारावी असे मालकाला वाटणे स्वाभाविकच आहे. तथापि ज्या हाताला धातूचे काम सहज जमते, त्या हाताचा धातूवर गरजेपेक्षा अधिक विश्वासही बसतो, आणि जुन्या गाडीविषयीचे सर्वांत महागडे गैरसमज नेमके तेथेच जन्म घेतात.

पहिला आणि सर्वांत रुजलेला समज असा की, मागील कमानीत एक-दोन पाटे वाढवले की गाडीची भार वाहण्याची क्षमता वाढते. पाटा म्हणजे कमानदार पोलादी पट्टी. अशा अनेक पट्ट्या एकावर एक रचून, मधोमध सेंटर बोल्टने आणि दोन्ही बाजूंनी यू-बोल्टने आसाला आवळल्या की कमान तयार होते. पाटे वाढवल्याने कमान कडक होते आणि गाडी मागे कमी बसते एवढे खरे. परंतु गाडी कमी बसली म्हणून आस, त्यातील बेअरिंग, टायर, चासी आणि ब्रेक यांपैकी कशाचीही ताकद रतीभरही वाढत नाही. वजन दीडपट झाले तर त्याच वेगाला गाडीची गतिज ऊर्जाही दीडपट होते, आणि ती सर्व उष्णतेत रूपांतरित करण्याचे काम पूर्वीच्याच ड्रमवर आणि पूर्वीच्याच लायनरवर येऊन पडते.

याहून घातक बाब सहसा कोणी सांगत नाही. अनेक पिकअपमध्ये चासीवर, मागील आसाच्या वर, भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो आणि त्याची दांडी खाली आसाला जोडलेली असते. माल भरल्यावर चासी आसाच्या जवळ येते, दांडी फिरते आणि व्हॉल्व्ह मागील चाकांना अधिक दाब पोहोचू देतो. गाडी रिकामी असताना हे अंतर वाढते आणि चाके जाम होऊन गाडी घसरू नये म्हणून तोच व्हॉल्व्ह दाब रोखतो. कमान कडक केली की पूर्ण भरलेली गाडीसुद्धा या व्हॉल्व्हला अर्धी रिकामी भासते, मागील चाकांना मिळायचा दाब मिळत नाही आणि थांबवण्याचा अधिक बोजा पुढील चाकांवर जातो. म्हणजे ज्या गाडीला अधिक ब्रेकची गरज निर्माण केली, तिचाच ब्रेक पाटा वाढवणाऱ्याने नकळत कमी केलेला असतो.

कायदाही या बाबतीत संदिग्ध नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असे फेरफार करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हीच भूमिका स्पष्टपणे मांडली. जादा भारासाठी कलम 194 खाली 2019 च्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपये आणि प्रत्येक अतिरिक्त टनामागे 2,000 रुपये असा दंड आहे. मात्र झिजलेला किंवा तुटलेला पाटा मूळ मापाच्या पाट्याने बदलणे, शॅकलचे बुश नवे घालणे आणि यू-बोल्ट ठरावीक जोराने आवळणे ही कामे फेरफारात मोडत नाहीत, ती देखभाल होय. या कामात एक पथ्य पाळावे लागते: आवळताना ताणला गेलेला जुना यू-बोल्ट पुन्हा न वापरता नवा घ्यावा, आणि काही अंतर भरलेली गाडी चालवल्यानंतर तो पुन्हा एकदा तपासून आवळावा.

पोलादाच्या गावात दुसरा गैरसमज वेल्डिंगचा आहे. चासीला तडा गेला तर त्यावर जाड पट्टी ठेवून चारही बाजूंनी वेल्ड मारला की चासी पूर्वीपेक्षा भक्कम होते, असे मानले जाते. चासीचा लांब तुळईसारखा भाग इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचा असतो. भाराखाली त्याची वरची आडवी पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते, तर मधल्या उभ्या पट्टीच्या मध्यरेषेजवळ हा ताण सर्वांत कमी असतो. म्हणूनच उत्पादक वरच्या व खालच्या पट्टीला भोके पाडू देत नाहीत किंवा वेल्डिंग करू देत नाहीत, आणि जोडणी करायची झाल्यास ती उभ्या पट्टीत करावी असे सांगतात. वेल्डच्या कडेला उष्णतेने पोलादाचा गुण बदलतो, जाड पट्टी जेथे एकदम संपते तेथे ताण एकवटतो, आणि नवा तडा जुन्या जागी न जाता नेमका पट्टीच्या टोकाशी जातो. दुरुस्ती करणाऱ्याला तो ‘दुसराच’ तडा वाटतो. वस्तुतः तो पहिल्याच दुरुस्तीचा परिणाम असतो.

योग्य पद्धतीत तड्याचे टोक शोधून तेथे लहान भोक पाडतात, जेणेकरून तडा पुढे सरकणार नाही. मग तड्याच्या रेषेवर व्ही आकाराची खाच करून ती कमी हायड्रोजनच्या इलेक्ट्रोडने, म्हणजे ज्याच्या लेपात ओलावा अत्यल्प असतो अशा कांडीने, भरतात, आणि आधाराची पट्टी लागलीच तर तिची टोके निमुळती ठेवतात. ही कांडी भट्टीत वाळवून न घेता दमट हवेत पडलेली वापरली तर तिच्यातील हायड्रोजन पोलादात शिरून वेल्ड थंड झाल्यावर आतून तडकवतो. कारखान्यात काम केलेल्या वेल्डरला हे पाठ असते, तरी गल्लीतल्या कामात त्याचा बहुधा विसर पडतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची आणि अल्टरनेटरची जोडणी सोडावी, तसेच अर्थचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावावा, अन्यथा परतीचा प्रवाह बेअरिंगमधून वाट काढतो आणि तेथे सूक्ष्म खड्डे पाडतो. तडा का गेला, हा प्रश्न अनुत्तरित ठेवून केलेले सर्वोत्तम वेल्डिंगही फार काळ टिकत नाही, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा वर सांगितलेल्या वाढीव पाट्यात व जादा भारात सापडते.

गंज रोखण्यासाठी चासीला जळके इंजिन ऑइल चोपडण्याची प्रथाही याच वर्गातील आहे. ते तेल रबरी बुश आणि होज फुगवते, धूळ धरून ठेवते, आणि पहिल्या पावसात धुऊन नाल्यात जाते. वापरलेले तेल तर 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा गणले जाते. तारेच्या ब्रशने गंज काढून जस्तयुक्त प्रायमर आणि वर रंग लावणे यात अधिक कष्ट पडतात, पण गंज थांबतो तो त्यानेच.

मे महिन्यात दुर्ग-भिलाई पट्ट्यात पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो, आणि या उन्हाळ्याच्या धाकाने तिसरा गैरसमज पोसला जातो: गरम प्रदेशात थर्मोस्टॅटची गरजच नाही, तो काढून टाकला की इंजिन थंड राहते. थर्मोस्टॅट हा मेणाच्या प्रसरणावर चालणारा झडपेसारखा भाग आहे. इंजिन थंड असताना तो रेडिएटरकडचा मार्ग बंद ठेवतो आणि पाणी एका छोट्या बगलमार्गाने इंजिनातच फिरवतो. साधारण 80 अंशांच्या पुढे तो उघडू लागतो, आणि अनेक इंजिनांमध्ये त्याचीच खालची चकती त्या वेळी बगलमार्ग बंद करते. अशा इंजिनातून थर्मोस्टॅट काढला की बगलमार्ग कायमचा उघडा राहतो, तापलेल्या पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो, आणि चढावर किंवा पूर्ण भारात गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापते. थंडीच्या सकाळी याच्या उलट घडते: इंजिन योग्य तापमानाला येण्यास उशीर लागतो, डिझेल अधिक जाते आणि सिलिंडरची झीज वाढते. थर्मोस्टॅट बिघडला आहे का, हे पाहण्याची रीत अगदी सोपी आहे. तो दोऱ्याने बांधून पातेल्यातील पाण्यात असा सोडावा की तळाला टेकणार नाही, पाणी हळूहळू तापवावे आणि शेजारी तापमापक ठेवावा. त्याच्या अंगावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला तर दोष दुसरीकडे आहे.

तो दोष बहुधा रेडिएटरच्या धुळीने बुजलेल्या पंखांत, पंख्याच्या सैल पट्ट्यात किंवा रेडिएटरच्या झाकणात असतो. झाकण हे नुसते बूच नाही. सुमारे 0.9 बार दाब धरून ठेवणाऱ्या झाकणाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची रबरी गादी कडक झाली की हा दाब टिकत नाही आणि तेच पाणी 100 अंशांना उकळू लागते. त्याच कारणाने तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडणे म्हणजे दाब एकाएकी सोडून वाफेचा फवारा अंगावर घेणे होय. नळाचे पाणी चालते या समजाला उत्तर एवढेच की, कूलंटमधील गंजरोधक घटक ॲल्युमिनियमचे भाग आणि पाण्याचा पंप वाचवतात, तर क्षारयुक्त पाणी आतून थर चढवते, आणि तो थर उष्णतेची वाट अडवतो.

इंजिन ऑइलविषयी दोन समज एकमेकांना धरून चालतात: ऑइल काळे झाले म्हणजे खराब झाले, आणि जुन्या इंजिनात जितके घट्ट ऑइल तितके बरे. डिझेल इंजिनात नवे ऑइल थोड्याच दिवसांत काळे होते, कारण ज्वलनातील काजळी भागांवर साचू न देता स्वतःत धरून ठेवणे हे त्यातील घटकांचे कामच आहे. ते कधी बदलावे हे रंगावर न ठरवता धावलेले किलोमीटर आणि महिने यांवर ठरवावे. 15W-40 या खुणेतील पहिला आकडा थंड अवस्थेतील प्रवाहीपणा दाखवतो, तर दुसरा 100 अंशांवरील घट्टपणा. गरजेपेक्षा घट्ट ऑइल सुरुवातीच्या काही क्षणांत बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते. झिजलेल्या इंजिनाचा खडखडाट त्याने थोडा दबतो, झीज मात्र भरून येत नाही.

डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून ‘पंप खोलणे’ आणि ताकद वाढवणे हा उपायही असाच. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यासाठी सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवले तर वरचा भाग न जळता काळ्या धुराच्या रूपात बाहेर पडतो आणि उष्णता पिस्टनवर येते. धुराची चाचणी प्रकाश किती शोषला जातो यावर होते, आणि त्याची मर्यादा भारत स्टेज-4 पूर्वीच्या डिझेल गाड्यांसाठी 2.45, तर त्या टप्प्याच्या गाड्यांसाठी 1.62 आहे. ‘नव्या डिझेलमुळे जुना पंप खराब होतो’ ही भीती मात्र निराधार आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक 10 पीपीएमपर्यंत उतरले आणि गंधक काढण्याच्या प्रक्रियेत इंधनाचे नैसर्गिक वंगण घटते हे खरे असले, तरी ती उणीव भरून काढणारे घटक त्यात मिसळलेले असतात आणि वंगणक्षमतेची मर्यादा भारतीय मानकातच घातलेली आहे.

सर्व घरगुती सुधारणा निरर्थक आहेत असा याचा अर्थ नाही. हेडलाइटचे उदाहरण घ्यावे. प्रकाश मंद झाला की अधिक वॅटचा किंवा एलईडी दिवा घालण्याकडे कल असतो, परंतु हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात तंतूची जागा मिलिमीटरच्या हिशेबाने ठरलेली असते, आणि दुसरा दिवा तेथे बसला तरी प्रकाश रस्त्याऐवजी समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर पडतो. मूळ रोग वेगळाच असतो. जुन्या गाडीत सारा प्रवाह स्विचमधून आणि बारीक, गंजक्या तारांमधून जातो, आणि वाटेत व्होल्टेज गळते. तंतूच्या दिव्यात व्होल्टेज 10 टक्क्यांनी घटले तर प्रकाश सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. बॅटरीपासून फ्यूजमार्गे रिलेपर्यंत नवी जाड तार ओढावी, स्विचने फक्त रिले चालवावा आणि दिव्याची अर्थ चासीच्या घासून स्वच्छ केलेल्या जागी आवळावी, म्हणजे तोच दिवा पूर्वीसारखा उजळतो. अल्प खर्चात एवढा फरक पाडणारे दुसरे काम जुन्या पिकअपवर क्वचितच आढळेल.

ब्रेक ऑइलकडे मात्र सर्वांत कमी लक्ष जाते. पातळी खाली गेली की वरून भर घातली म्हणजे झाले, अशी समजूत असते. हे द्रव हवेतील ओलावा शोषते. डॉट-3 प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असतो, तर ओलावा घेतल्यानंतरची मर्यादा 140 अंश. लांब उतारावर ब्रेक तापून आतील पाण्याची वाफ झाली की पेडल फरशीला टेकते. दर दोन वर्षांनी संपूर्ण द्रव बदलणे हे घरी, दोन माणसांत, होण्यासारखे काम आहे. गाडीखाली शिरताना फक्त जॅकवर विसंबू नये, खाली भक्कम घोडी लावावी, आणि ड्रममधील भुकटी हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी.

शेवटचा समज वयाचा: पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात घालावीच लागते. वयाच्या आधारावर वाहने बंद करण्याचे न्यायाधिकरणाचे व न्यायालयाचे आदेश दिल्ली आणि राजधानी क्षेत्रापुरते होते. भिलाई किंवा नागपूर येथील खासगी मालकाच्या मालवाहू पिकअपला ते लागू नाहीत. अशा वाहनाचा प्रश्न योग्यता प्रमाणपत्राचा, बोलीभाषेत पासिंगचा, असतो: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. वाढत्या वयाबरोबर पासिंगचे शुल्क चढते, पण तपासणीत पाहिले जातात ते ब्रेक, दिवे, धूर, सुकाणू आणि किमान 1.6 मिलिमीटर खाच शिल्लक असलेले टायर.