बंद यंत्रांतलें चालू घड्याळ

एखादा संगणक महिनाभर बंद ठेवला, त्याची विजेची तारहि काढून घेतली, आणि मग एके दिवशीं तो पुन्हां सुरू केला, तरी पडद्याच्या कोपऱ्यांत तारीख व वेळ बहुधा बिनचूक उमटते. यंत्राची चालू स्मृति तर वीज जातांच पुसून जाते. मग मधल्या महिन्याचे सेकंद मोजले कोणीं? घरचीं माणसें गांवाला गेलीं तरी भिंतीवरचें घड्याळ जसें टिकटिक करीत राहतें, तसें एक लहानसें घड्याळ संगणकाच्या पोटांत अखंड चालू असतें. नखाएवढी चिप, क्वार्ट्झचा एक स्फटिक आणि बटणाएवढा सेल, एवढाच त्याचा संसार.

या घड्याळाला वेळ विचारून ती संगणकास सांगणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. संगणकाचा सर्व कारभार पाहणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा तो एक भाग. त्यास ड्रायव्हर असें नांव आहे. वरवर पाहतां हें काम अगदीं किरकोळ वाटतें. घड्याळाकडे पाहावें आणि किती वाजले तें सांगावें, यांत अवघड तें काय? परंतु असा ड्रायव्हर लिहावयास बसणाऱ्याच्या लौकरच ध्यानांत येतें कीं, वेळ वाचणें हा कामाचा लहान भाग आहे. वाचलेली वेळ विश्वासार्ह आहे कीं नाहीं, हें ठरविणें हा मोठा भाग आहे. यंत्र नुकतें सुरू होत असतांना दुसऱ्या कोणत्याहि प्रोग्रॅमला ती वेळ तपासून पाहण्याचें साधन नसतें. ड्रायव्हर सांगेल ती वेळ, अशी तेथें स्थिति असते.

उदाहरणादाखल मोटोरोला कंपनीची एमसी १४६८१८ ही चिप घ्यावी. १९८४ सालीं आयबीएम कंपनीनें आपल्या पीसी एटी या संगणकांत ती बसविली, आणि तिची रचना इतकी रूढ झाली कीं, पुढें स्वतंत्र चिप नाहींशी होऊन ती मदरबोर्डवरील मोठ्या चिपच्या पोटांत सामावली, तरी आंतील मांडणी बव्हंशीं तीच राहिली. या घड्याळाचा स्फटिक सेकंदास ३२,७६८ कंपनें करतो. हा आंकडा सहज निवडलेला नाहीं. त्यास ओळीनें पंधरा वेळां निम्मा केला कीं बरोबर एक उरतो. म्हणून निम्में करणाऱ्या पंधरा साध्या पायऱ्यांवरून तें कंपन नेलें कीं शेवटीं सेकंदाला एक ठोका मिळतो. त्या ठोक्यासरशीं चिप आपल्या कप्प्यांतील आंकडे पुढें सरकविते. असे कप्पे एकंदर ६४. पहिल्या दहांत सेकंद, मिनिट, तास, वार, तारीख, महिना, वर्ष आणि गजराची वेळ. पुढील चारांत घड्याळाची हालहवाल सांगणाऱ्या व त्याचें नियंत्रण करणाऱ्या खुणा. उरलेले पन्नास संगणकाच्या इतर नोंदींसाठीं मोकळे.

या कप्प्यांपर्यंत थेट हात पोंचत नाहीं. त्यासाठीं दोन द्वारें, म्हणजे पोर्ट, ठेवलेलीं आहेत. पहिल्या द्वारांत हव्या असलेल्या कप्प्याचा क्रमांक द्यावयाचा आणि दुसऱ्यांतून त्या कप्प्यांतील आंकडा घ्यावयाचा. ग्रंथालयाच्या खिडकींतून चिठ्ठी आंत द्यावी व पुस्तक बाहेर यावें, तसाच हा व्यवहार. पण पुस्तक येण्यापूर्वींच दुसऱ्या कोणीं आपली चिठ्ठी सरकविली, तर पहिल्याच्या हातांत भलतेंच पुस्तक पडेल. संगणकांत एकाच वेळीं अनेक कामें चालतात, तेव्हां हा धोका काल्पनिक नव्हे. यास्तव ड्रायव्हर प्रथम एक प्रकारचें कुलूप लावतो आणि दोन्ही पायऱ्या पुऱ्या होईपर्यंत इतर कोणासहि द्वाराशीं येऊं देत नाहीं.

हातीं आलेला आंकडाहि जसाच्या तसा घेऊन चालत नाहीं. ही चिप बहुधा प्रत्येक संख्येचे दशक व एकक वेगळे लिहिते. एकोणसाठ सेकंद झाले कीं कप्प्याच्या एका अर्ध्या भागांत ५ व दुसऱ्यांत ९. ज्यास हें ठाऊक नाहीं तो सारा कप्पा एकच सलग संख्या म्हणून वाचतो. तसें वाचतांना वरच्या अर्ध्या भागांतील प्रत्येक एकाची किंमत सोळा होते, आणि एकोणसाठाच्या जागीं ५ गुणिलें १६ अधिक ९, म्हणजे ८९ सेकंद दिसतात. गंमत अशी कीं, नऊपर्यंतच्या संख्या दोन्ही पद्धतींनीं सारख्याच वाचल्या जातात. त्यामुळें महिन्याच्या बाबतींत ही चूक जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत लपून राहते, आणि ऑक्टोबर उजाडतांच यंत्राला सोळावा महिना लागतो! तास बारा-बाराचे मोजावयाचे कीं चोवीस, हाहि प्रश्न आहेच. सुदैवानें कोणती पद्धति चालू आहे तें नियंत्रणाच्या एका कप्प्यांत लिहिलेलें असतें. कांहींहि गृहीत न धरतां तें विचारून घेणें एवढेंच ड्रायव्हरचें कर्तव्य.

याहून सूक्ष्म अडचण घड्याळ चालू असण्यामुळेंच उद्भवते. कप्पे वाचावयाचे ते एकामागून एक. पण घड्याळ वाचणाऱ्यासाठीं थांबत नाहीं. समजा, दहा वाजून एकोणसाठ मिनिटें आणि एकोणसाठ सेकंद झाले आहेत. ड्रायव्हरनें तासाचा कप्पा वाचला, त्यांत दहा. तेवढ्यांत ठोका पडला आणि अकरा वाजले. आतां मिनिटें वाचलीं तर शून्य, सेकंद वाचले तर तेहि शून्य. ड्रायव्हरच्या पदरीं पडले बरोबर दहा, म्हणजे तासाभराची चूक. क्रम उलटा करून सेकंद आधीं वाचले, तर अकरा वाजून शून्य मिनिटें व ५९ सेकंद असें उत्तर येतें, आणि घड्याळ जवळजवळ मिनिटभर पुढें जातें. हेंच एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्रीं घडलें आणि वर्षाचा कप्पा आधीं वाचलेला असला, तर चूक सबंध वर्षाची. प्रत्येक आंकडा खरा, पण त्यांची बांधलेली मोट खोटी. शिवाय शेंकडों वेळां सर्व सुरळीत चालून अशी चूक एखाद्याच वेळीं होते; त्यामुळें ती परीक्षेंत सांपडत नाहीं आणि पुढें भलत्याच जागीं उपटते.

चिप बनविणाऱ्यांना हें ठाऊक होतें. आंकडे बदलण्याचें काम या स्फटिकावर १,९८४ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या सुमारें पांचशेंव्या भागाइतका वेळ चालतें, आणि तेवढ्या अवधींत कप्प्यांतून काय हातीं लागेल याचा नेम नसतो. म्हणून चिप एक निशाण उभारते. हें निशाण बदल सुरू होण्याच्या निदान २४४ मायक्रोसेकंद आधीं वर जातें. तें खालीं दिसलें कीं वाचणाऱ्यास तेवढी सवड नक्की आहे. पण मध्येंच एखादें निकडीचें काम येऊन ड्रायव्हरला अडवून धरील, तर ती सवड सरून जाते. म्हणून सावध लेखक वाचन झाल्यावर पुन्हां पडताळा घेतो. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं प्रसिद्ध केलेल्या लिनक्सच्या अगदीं पहिल्या आवृत्तींत अशीच एक साधी युक्ति आढळते. सर्व कप्पे वाचून शेवटीं सेकंद पुन्हां वाचावे, आणि ते बदलले असतील तर सारें वाचन नव्यानें करावें. हें करण्याची योग्य रीत आपणांस सांपडलेली नाहीं, अधिक माहिती असेल त्यानें कळवावी, अशा अर्थाची प्रांजळ टीपहि त्यांनीं शेजारीं लिहून ठेवली होती.

वाट पाहण्यालाहि मर्यादा हवी. निशाण खालीं येईपर्यंत थांब, एवढीच आज्ञा ड्रायव्हरला दिली आणि यंत्रांत ती चिपच नसली, तर रिकाम्या द्वारांतून सामान्यतः सर्व खुणा उभ्याच दिसतात, आणि संगणक सुरू होतां होतां कायमचा तिष्ठत राहतो. ठराविक काळानंतर वाट पाहणें सोडून अपयश कळविणें हेंच अशा वेळीं शहाणपणाचें.

वर्षाची गोष्टहि लक्षांत ठेवण्यासारखी आहे. चिपमध्यें वर्षाला दोनच अंक. ९९ नंतर पुन्हां ००. शतकाचा आंकडा आयबीएमनें मोकळ्या कप्प्यांपैकीं एकांत निराळा ठेवण्याची सोय केली. पण या चिपला त्याचा अर्थ ठाऊक नसतो, आणि शतक पालटणें हें प्रोग्रॅमचेंच काम राहतें. लीप वर्ष ठरवितांनाहि ती दोन अंकांच्या वर्षास चारानें भाग जातो कीं नाहीं एवढेंच पाहते. २००० या सालास चारशेंनीं भाग जात असल्यामुळें तें खरोखरच लीप वर्ष होतें, म्हणून तेथें निभावलें. २१०० सालीं मात्र अशी चिप २९ फेब्रुवारी दाखवील, आणि दिनदर्शिकेंत तो दिवस नसेल.

सर्व आंकडे बरोबर वाचले तरी ते कोठल्या वेळेचे, हें चिप सांगत नाहीं. जुन्या मुंबईस हा घोटाळा चांगला परिचयाचा होता. १९०६ सालीं हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाल्यावरहि मुंबईंत कित्येक वर्षें ३९ मिनिटें मागें असलेली स्थानिक वेळ पाळली जात असे. दोन्ही घड्याळें नीट चालणारीं, तरी एकमेकांशीं न जुळणारीं. संगणकांतहि तेंच होतें. विंडोज ही प्रणाली सामान्यतः या चिपमध्यें स्थानिक वेळ ठेवते. लिनक्स बहुधा जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि स्थानिक वेळ गणितानें काढते. एकाच यंत्रावर या दोन्ही प्रणाली नांदत असल्या आणि त्यांचा मेळ आधीं घातलेला नसला, तर भारतांत घड्याळ साडेपांच तासांनीं चुकतें.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सेलचा. तो कांहीं वर्षांनीं आटतो. पण त्यानंतरहि कप्पे रिकामे दिसत नाहींत. त्यांत कांहीं ना कांहीं आंकडे असतातच, आणि कित्येकदां ते अगदीं शहाण्यासारखे दिसतात. म्हणून मोटोरोलाच्या चिपमध्यें, वीज मध्यंतरीं तुटलेली नाहीं अशी ग्वाही देणारी एक खूण ठेवलेली आहे. ती नाहींशी झालेली दिसली तर कप्प्यांतील वेळ ग्राह्य नव्हे. रास्पबेरी पायसारख्या लहान संगणकांस डीएस ३२३१ ही चिप पुष्कळदां बाहेरून जोडतात. स्फटिकाचें कंपन मध्यंतरीं थांबलें होतें, असें सांगणारी खूण तिच्यांतहि आहे. नवी वेळ लावल्यावांचून ही खूण पुसूं नये, हा पहिला नियम. मोह मात्र उलट दिशेचा असतो. खूण उभी असली कीं ड्रायव्हरला वेळ न देतां चूक कळवावी लागते, आणि वापरणाऱ्याची तक्रार येते. यंत्र सुरू होतांच खूण पुसून टाकली कीं तक्रार थांबते, आणि यंत्र निर्धास्तपणें १ जानेवारी २००० ही तारीख सांगूं लागतें. लिनक्समध्यें याविषयीं स्पष्ट दंडक आहे. वेळ अग्राह्य असल्याचें ठाऊक असतांना ड्रायव्हरनें ती देऊं नये. चूक झाल्याचें कळवावें.

खोट्या तारखेनें एवढें काय बिघडतें? बँकेच्या संकेतस्थळाची ओळख पटविणाऱ्या प्रमाणपत्रास आरंभाची व अखेरची तारीख असते. संगणकाचें घड्याळ मागें पडलें कीं तें प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलें नाहीं असें त्यास वाटतें, आणि पान उघडत नाहीं. ही चूक निदान दिसते तरी. एकाच दस्तऐवजाच्या दोन प्रतींपैकीं नवी कोणती, हें यंत्र तारखेवरून ठरवूं लागलें, तर जुन्या प्रतीनें नवी प्रत पुसली जाते, आणि तें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं.

वेळ ठाऊक नाहीं, असें ड्रायव्हरनें सांगितलें, तर ऑपरेटिंग सिस्टिम ती इंटरनेटवरून मागूं शकते, माणसास विचारूं शकते, किंवा वेळ कळेपर्यंत तारखेवर अवलंबून असलेलें काम थांबवूं शकते. खोटी वेळ हातीं दिली तर यांतलें कांहींच घडत नाहीं, कारण शंका घेण्यास कोणास कारणच उरत नाहीं.