लेणी पाहायला जाल, पण मुक्काम कुठे कराल?



आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही वस्तीत जा. कुणाच्या ना कुणाच्या घरात भिंतीवर अजिंठ्याच्या पद्मपाणीचे चित्र असलेले कॅलेंडर दिसेल. पण अजिंठा डोळ्यांनी पाहिलेला माणूस मात्र शोधावा लागेल. का गेला नाहीत म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले असते. "जायला काय, एस.टी. आहे. पण म्हातारी माणसं, लेकरंबाळं घेऊन राहायचं कुठं?"

हा प्रश्न वरवर पैशाचा वाटतो. तो पैशाचा आहेच, पण केवळ पैशाचा नाही. परक्या गावात आपल्याला दार कोण उघडील, ही धास्ती आपल्या मागच्या तीन-चार पिढ्यांनी पोटात बाळगलेली आहे. म्हणून आज मुक्कामाविषयीच लिहायचे ठरवले.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, हे शहर मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसवले. बीबी का मकबरा आणि पाणचक्की इथलीच. पण आपल्यासाठी इथे आणखी पुष्कळ आहे. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय आणि त्याचे नागसेनवन इथे आहे. दीर्घ लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी ज्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले ते विद्यापीठ इथे आहे. शहराच्या उत्तरेला डोंगरात बौद्ध लेणी आहेत. वेरूळ सुमारे ३० किलोमीटरवर, अजिंठा सुमारे १०० किलोमीटरवर. एवढे सगळे एका दिवसात होत नाही. किमान दोन रात्री मुक्काम हवाच.

आमची फजिती

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मी, आमचे हे, दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असे पाच जण होतो. हे जिनिंगमध्ये कामाला. कापसाचा हंगाम संपल्यावर चार दिवसांची सवड मिळाली. रात्रीच्या एस.टी.ने निघालो आणि पहाटे पाचला उतरलो.

पहिल्या लॉजवाल्याने आधार कार्ड घेतले, आडनाव वाचले आणि विचारले, "कोणत्या समाजाचे?" यांनी सांगितले. त्यावर तो म्हणाला, "खोली शिल्लक नाही." आम्ही पिशव्या उचलल्या. पायरीवर सासूबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून क्षणभर थांबलो, तेवढ्यात मागून आलेल्या कुटुंबाला त्याने किल्ली दिली. आमचे हे काहीच बोलले नाहीत. थोरल्याने मात्र रस्त्यावर आल्यावर विचारले, "बाबा, किल्ली होती ना?"

दुसऱ्या ठिकाणी खोली मिळाली ती तिसऱ्या मजल्यावर. समोर मंगल कार्यालय. रात्री एकपर्यंत बँड आणि त्यानंतर मंडप सोडणाऱ्यांचा गलका. शिवाय तिथला हिशेब 'बारा ते बारा' होता. पहाटे पाचला आत गेलो, तर दुपारी बाराला एक दिवस भरला! एका रात्रीच्या झोपेचे दोन दिवसांचे पैसे गेले, आणि झोप तर झालीच नाही. गुडघे चोळत सासूबाई म्हणाल्या, "मले गादी नाई पाह्यजे वं माय. पाठ टेकाले उलीशी शांत जागा पाह्यजे." वेरूळ न बघताच आम्ही परतलो.

हे दार जुने आहे

परतीच्या प्रवासात मला बाबासाहेबांचा बडोद्याचा प्रसंग आठवत राहिला. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानात नोकरीसाठी आले. राहायला जागा मिळेना. शेवटी जात लपवून एका पारशी धर्मशाळेत दीड रुपया रोजाने राहिले. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या अंधाऱ्या दालनात ते एकटेच असत. सोबतीला एक मिणमिणता कंदील आणि पुस्तके. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा घोळका आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा, असे त्यांनी बजावले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. दोघांनीही टाळले. मग कामाठी बागेत काही तास बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली. एवढा विद्वान माणूस, पण एका खोलीपायी नोकरी आणि गाव सोडावे लागले.

१९३४ साली ते सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले तेव्हाही वाटेत कटकट नको म्हणून गाजावाजा न करता निघाले होते. तरी दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांच्या मंडळींना अपमान सोसावा लागला. वेरूळच्या रस्त्यावर तो किल्ला आजही लागतो. मुलांना तो जरूर दाखवा आणि ही हकिगतही सांगा.

म्हणूनच निवाऱ्याचे मोल बाबासाहेबांना पुरते ठाऊक होते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले. डोक्यावर छप्पर असल्याशिवाय शिक्षण नाही, हे त्यामागचे साधे गणित होते. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा शाळेत गेले नव्हते, पण तेही हेच जाणून होते. स्वतः झाडाखाली झोपत, आणि लोकांसाठी मात्र धर्मशाळा बांधत. पंढरपूरची आपली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

आज कायदा आपल्या बाजूने आहे. संविधानाच्या १५ व्या कलमानुसार जातीच्या कारणावरून कुणालाही हॉटेलात मज्जाव करता येत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात धर्मशाळा आणि मुसाफिरखान्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. ओळखपत्र मागणे हा नियमाचा भाग आहे, त्यात राग मानू नये. पण जात विचारण्याचा अधिकार कुणाला नाही. तसे घडले तर शांतपणे, "खोली का नाही ते लिहून द्या," एवढे म्हणावे. तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव टिपून ठेवावे आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. त्या पहाटे आम्ही गप्प राहिलो. ती चूक तुम्ही करू नका.

अनाथपिंडिकाची पारख

शांत जागा कशी ओळखावी? याचे उत्तर आपल्याच विनयपिटकात मिळते. श्रावस्तीचा दानशूर अनाथपिंडिक तथागतांसाठी विहाराची जागा शोधत होता. त्याने पाहिले ते असे: जागा गावापासून फार लांब नको, फार जवळही नको. येण्याजाण्याला सोयीची हवी. दिवसा गर्दी नको आणि रात्री आवाज नको. असे पाहून त्याने जेत राजकुमाराची बाग निवडली. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही पारख लॉजच्या खोलीलाही तंतोतंत लागू पडते.

फार लांब नको, फार जवळ नको: बसस्थानकाच्या अगदी तोंडाशी रात्रभर हॉर्न वाजतात. शहराबाहेर स्वस्त मिळते, पण वाचलेले पैसे रिक्षात जातात. स्थानकापासून दहा-पंधरा मिनिटे चालण्याच्या अंतरावर, आतल्या गल्लीत पाहावे.

रात्री आवाज नको: रस्त्याकडची नव्हे, मागची खोली मागावी. जवळ मंगल कार्यालय, जनरेटर किंवा पाण्याची मोटर आहे का ते विचारावे. म्हातारे माणूस सोबत असेल तर तळमजला किंवा पहिला मजला घ्यावा.

आधी खोली, मग पैसे: आतली कडी लागते का, नळाला पाणी आहे का, चादर धुतलेली आहे का, खिडकी उघडते का, हे पाहिल्यावरच पैसे द्यावेत. पावती घ्यावी. जादा गादीचे, मुलांचे आणि गरम पाण्याचे वेगळे पैसे पडतात का, ते आधीच विचारावे.

चोवीस तास की बारा ते बारा: पहाटे उतरणाऱ्यांनी हा प्रश्न विसरू नये. चोवीस तासांचा हिशेब असेल तरच पहाटे खोली घेणे परवडते. नाहीतर स्थानकावर तोंड धुऊन, सामान ठेवण्याची सोय बघून आधी शहरातली लेणी पाहावीत आणि दुपारी खोली घ्यावी. रेल्वे स्थानकावरच्या विश्रांती खोल्या रेल्वेचे तिकीट असणाऱ्यांनाच मिळतात, एस.टी.ने आलेल्यांनी तिकडे खेटे घालू नयेत.

वार पाहून जा: अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. त्यामुळे बुधवार-गुरुवार उत्तम. शनिवार-रविवारी भाडेही चढते. १४ जानेवारीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला शहरात आपल्या लोकांची मोठी गर्दी असते. त्या उत्साहासाठी जायचे तर जरूर जा, पण शांततेची अपेक्षा ठेवू नका. अजिंठ्यासाठी फर्दापूर फाट्यावर उतरून तिथल्या बसने लेण्यांपर्यंत जावे लागते. खुद्द फर्दापूरलाही मुक्कामाची सोय आहे.

एस.टी.ची सवलत: महिलांना अर्धे तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत. त्यामुळे घरातल्या बायका आणि म्हातारी माणसे यांनाच आधी न्या, ते स्वस्त पडते! आधार कार्ड जवळ ठेवा. चार किंवा सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पासही हिशेब करून पाहावा.

दुसरी खेप

पुढच्या वर्षी थंडीत आम्ही पुन्हा गेलो. या वेळी आमच्या गल्लीतला एक मुलगा तिकडे शिकायला होता. त्याला आधी फोन केला. त्याने संध्याकाळी जाऊन दोन-तीन ठिकाणे पाहिली आणि एका गल्लीतली तळमजल्यावरची मागची खोली ठरवून ठेवली. पलंग दोनच होते, पण खोली स्वच्छ होती. मागे लिंबाचे झाड होते. त्या रात्री सासूबाई अशा झोपल्या की सकाळी चहा घेऊन उठवावे लागले.

दुसऱ्या दिवशी वेरूळला गेलो. तिथे एक ते बारा क्रमांकाची लेणी बौद्धांची आहेत. पाचव्या लेण्यात गेलो. सुमारे ११७ फूट लांबीचे दालन, मधोमध दगडात कोरलेले दोन लांबलचक बुटके ओटे, आणि बाजूंना भिक्खूंच्या लहान लहान खोल्या. या लेण्याला पूर्वी 'महारवाडा' म्हणत. पावसाळ्यात आजूबाजूची महार कुटुंबे इथे आसऱ्याला येत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात.

सासूबाईंनी ते ऐकले. ओट्याच्या कडेला हात टेकून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे गावानं दार लावलं तवा आपले लोक इथीसा येत होते. आपल्याच घरी." धाकटा एका खोलीत डोकावला आणि आतून ओरडला, "आजी, इथं तर काहीच आवाज नाही!"

आता एक विनंती. आपल्या प्रत्येक विहारात वर्गणीची वही असते. तशीच एक मुक्कामाची वही ठेवा. जो कुणी संभाजीनगर, नागपूर, मुंबई किंवा बुद्धगयेला जाऊन येईल त्याने तिच्यात लिहावे: कुठे राहिलो, भाडे किती, झोप लागली का, माणसे कशी वागली. जिथे आडनाव वाचून किल्ली लपवली तेही लिहावे. आणि शहरात शिकणाऱ्या मुलांनो, गावाकडून कुणाचा फोन आला तर तासभर काढून खोली पाहून या. आमच्या सासूबाईंची एक रात्रीची झोप अशाच एका मुलाने मिळवून दिली.

जयभीम!