फियाटचे साल
मोटारीच्या नव्या सालाच्या आवृत्तीत नवे ते काय, याचा निवाडा परदेशी स्पोर्ट्स कारच्या बाबतीत छापील पत्रके करतात. आपल्याकडे नागपुरात तो सीताबर्डीच्या गल्लीतला मिस्त्री करतो. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने १९६४ च्या सुमारास काढलेली फियाट १९७२ मध्ये 'प्रेसिडेंट' आणि १९७४ मध्ये 'पद्मिनी' झाली. नामांतरे झाली, परंतु १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर यांस कोणी हात लावला नाही. परवान्यांच्या त्या अमदानीत गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसणारे गिऱ्हाईक असताना सुधारणेची निकड कारखान्याला वाटावी तरी कशाला?

अशाच एका फियाटचे साल तो मिस्त्री ठरवीत होता; मी पाहत होतो ती तपासणी दारापासून सुरू झाली. पुढचे दार मधल्या खांबाला जोडलेले व उलटे उघडणारे असते, तर ती जुनी 'डुक्कर फियाट' ठरती. हे पुढून बिजागरलेले होते. मग बॉनेट. नोंदणी पुस्तकात साल १९७६ चे, पुढचे बाक अखंड, म्हणजे दप्तराशी सुसंगत, परंतु इंजिनाच्या कडेला बोट दाखवून मिस्त्री म्हणाला, "डायनॅमो गेला कधीचाच जी, हा अल्टरनेटर होय." त्याच्या मागे यांत्रिक पेट्रोल पंप, आणि पंपाला तारेने बांधलेल्या फडक्याचा वाळून कडक झालेला अवशेष! मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकला की पंपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी भर दुपारी वर्धा मार्गावर अडते, तेव्हा पंपावर ओले फडके गुंडाळणे हा इलाज. नागपूरपुरती ती नवी आवृत्तीच म्हणावयाची, आणि कुर्ल्याच्या कोणत्याही पत्रकात ती सापडावयाची नाही.

मालकांना मात्र जुन्या गाड्यांच्या मेळाव्यासाठी गाडी 'मूळची' हवी होती, सबब डायनॅमोच हवा होता. इंजिन मंद चालत असता डायनॅमोची वीज अपुरी पडून दिवे मलूल होतात, हे मिस्त्रीने दोनदा समजावले. मलाही त्याचाच पक्ष रास्त वाटला. अखेर त्याने डायनॅमो बसवून दिला, काढलेला अल्टरनेटर वर्तमानपत्रात बांधून डिकीत ठेवला आणि मेळावा आटोपताच गाडी परत आणण्याची ताकीद दिली.