विसरलेली पलटण (भाग ७) : पेन्शनपुऱ्यातली नावं

हिंगोलीत पत्ता सांगताना माणसं आजही पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार अशी नावं घेतात. पायदळ राहत होतं ती पलटण, घोडेस्वारांचा तो रिसाला, तोफा होत्या तिथे तोफखाना. चाकरी संपवून पेन्शनीवर आलेले शिपाई जिथे घर करून राहिले, तो पेन्शनपुरा. छावणी उठून सव्वाशे वर्षं होत आली, तरी शहराच्या तोंडी तिचा नकाशा जसाच्या तसा आहे. नाहीत ती फक्त माणसांची नावं.

गेल्या आठवड्यात आपण कोरेगाव भीमाच्या स्तंभापाशी थांबलो होतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या साध्या शिपायांची नावं त्या दगडावर कोरलेली आहेत. त्यातली २२ नावं ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात, म्हणून ते महार शिपाई होते हे कळतं. शंभरहून अधिक वर्षांनी, १ जानेवारी १९२७ ला, डॉ. आंबेडकर तिथे गेले, तेव्हा त्यांच्या हाती दाखवायला कोरलेली अक्षरं होती. नाव एकदा दगडावर आलं की पुढच्या पिढीला हक्क सांगायला जागा मिळते. हिंगोलीच्या शिपायांना ती जागा मिळाली नाही. ती का मिळाली नाही, हे या भागात पाहायचं आहे.

ही फौज म्हणजे हैदराबाद कंटिंजंट. नाव निजामाचं, पगार निजामाच्या खजिन्यातून, अधिकारी आणि हुकूम मात्र इंग्रजांचा. रेसिडेंट हेन्री रसेल याने तिची नव्याने बांधणी केली, म्हणून तिच्या एका भागाला रसेल ब्रिगेड म्हणत. तिच्या छावण्या बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, जालना आणि हिंगोली इथे होत्या. या फौजेचा खर्च थकत गेला आणि १८५३ च्या तहात डलहौसीने त्यापोटी वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली घेतलं. पैनगंगेच्या अलीकडे निजाम आणि पलीकडे वाशीम-पुसदकडे साहेब, ही वाटणी झाली ती या शिपायांच्या पगारापायी. एवढ्या मोठ्या घडामोडीच्या मुळाशी असलेल्या माणसांबद्दल आपल्या शालेय पुस्तकांत एक ओळही सापडू नये, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

रसेल ब्रिगेडची या भागातली मोठी लढाई जानेवारी १८१९ मधली. हटकर नाईक नोवसाजी यांनी निजामाची सत्ता जुमानली नव्हती. त्यांची नोवा इथली गढी अरब शिबंदी लढवत होती. ब्रिगेडने वेढा घातला आणि महिनाअखेरीस गढी पडली. आतली बहुतेक शिबंदी कापली गेली. विजयी पलटणींना ‘नोवा’ हा शब्द युद्धसन्मान म्हणून मिळाला आणि त्यांच्या निशाणावर चढला. गढीच्या आत पडलेल्यांच्या वाट्याला तेवढाही शब्द आला नाही.

पुढे १८५७ मध्ये या फौजेचे दोन चेहरे दिसले. मोमिनाबादहून औरंगाबादला आणलेल्या रिसाल्याने पुढे कूच करायला नकार दिला. त्यातल्या काहींना तोफेच्या तोंडी दिलं, काहींना गोळ्या घातल्या. ती जागा काळा चबुतरा म्हणून ओळखली गेली आणि आज तिथे क्रांती चौक आहे. त्याच कंटिंजंटच्या दुसऱ्या तुकड्या ह्यू रोजच्या फौजेबरोबर मध्य भारतात झाशीवाल्या राणीविरुद्ध लढल्या. एकाच फौजेत, कदाचित एकाच घरातही, दोन्ही वाटांनी गेलेली माणसं असतील. स्मारकाचा विषय निघाला की हाच आक्षेप पुढे येतो : इंग्रजांच्या हुकमाखाली लढलेल्यांची आठवण कशाला ठेवायची? आक्षेप खरा आहे, टाळण्यासारखा नाही. पण शिपायाचं नाव लिहिणं म्हणजे त्याच्या मालकाचा जयजयकार नव्हे. हिंगोलीत उद्या एखादा दगड उभा राहिला, तर त्यावर गढीच्या आतले आणि बाहेरचे, नकार देणारे आणि हुकूम पाळणारे, असे सगळेच यावेत.

१९०३ मध्ये कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी इंग्रजांच्या हिंदी लष्करात मिसळल्या आणि हिंगोलीची छावणी उठली. पुढचा प्रवास मात्र थक्क करणारा आहे. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी, फ्रान्समधल्या सोमच्या रणधुमाळीत, हाय वूडजवळ उभ्या पिकातून भाले रोखून घोडे दौडवणारी डेक्कन हॉर्स याच कंटिंजंटच्या रिसाल्यांतून आलेली. पायदळाच्या पलटणींची १९२२ मध्ये १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिला कुमाऊं हे नाव मिळालं. ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामला पडलेले मेजर सोमनाथ शर्मा, देशाचे पहिले परमवीरचक्र विजेते, ४ कुमाऊंचे. ही पलटणही मुळात हैदराबाद कंटिंजंटमधलीच. कुमाऊं रेजिमेंटच्या युद्धसन्मानांच्या यादीत आजही ‘नोवा’ आहे. मराठवाड्यातल्या एका गढीचं नाव हिमालयाच्या पायथ्याची रेजिमेंट सांभाळते आहे, आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही.

नावं गाळली जाणं हा केवळ कागद हरवल्याचा प्रकार नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर इराकमधल्या बसऱ्याला मोठं स्मारक झालं. त्यावर इंग्रज शिपायाचं नाव कोरलं गेलं, हिंदी अधिकाऱ्यांचंही कोरलं गेलं. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक आकडा घातला. एप्रिल २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाने स्वतःच्या अहवालात हे कबूल केलं आणि माफी मागितली. किमान १,१६,००० मृतांची नावं कोरलीच गेली नाहीत, किंवा त्यांची आठवणच ठेवली गेली नाही. त्यात आफ्रिकी सैनिक फार मोठ्या संख्येने होते, तसे हिंदी शिपाईही होते. काळा शिपाई आणि हिंदी शिपाई यांना एकाच मापाने मोजलं गेलं होतं.

पण गाळलेली नावं उशिरा का होईना, परत येऊ शकतात. अमेरिकेत बोस्टनला १८९७ मध्ये यादवी युद्धातल्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स या काळ्या शिपायांच्या पलटणीचं शिल्प बसवलं. घोड्यावर गोरा कर्नल रॉबर्ट शॉ, बाजूने चालणारे काळे शिपाई. प्रत्येकाचा चेहरा शिल्पकाराने वेगळा घडवला, पण मागच्या बाजूला नावं कोरली ती फक्त गोऱ्या अधिकाऱ्यांची. १८ जुलै १८६३ ला फोर्ट वॅग्नरच्या हल्ल्यात पडलेल्या काळ्या शिपायांची नावं तिथे आली १९८० च्या दशकात. ऐंशीहून अधिक वर्षं लागली, पण आली. कारण ती कुठेतरी लिहिलेली होती आणि ती मागणारी माणसं होती.

हिंगोलीची नावंही पुरती पुसली गेलेली नाहीत. पलटणीत, रिसाल्यात, पेन्शनपुऱ्यात राहणाऱ्या वाचकांना, आणि इथून उठून अंबाजोगाई, जालना, हैदराबादला गेलेल्या घरांना एक विनंती आहे. आजोबा-पणजोबांची जुनी ट्रंक उघडा. पेन्शनीचा कागद, डिस्चार्जचा दाखला, एखादं काळवंडलेलं पदक निघालं तर ते घासून चकचकीत करू नका. पदकाची कड उजेडात धरून पाहा. त्या काळातल्या बहुतेक लष्करी पदकांच्या कडेवर शिपायाचं नाव आणि त्याची पलटण बारीक अक्षरांत उमटवलेली असते. ती अक्षरं जशीच्या तशी उतरवून घ्या आणि या लेखमालेच्या पत्त्यावर पाठवा. येतील तेवढी सगळी नावं आम्ही छापू.